अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून अलाइड हेल्थ शिकायचंय? शेवटापासून सुरुवात करा

गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच: “ताई, ते एक्स-रेचं शिकायला किती वर्षं लागतात?” माहितीपत्रकात दोन वर्षं छापलेली असतात. मला साडेचार लागली. दीड वर्ष आधीच्या विषयांत गेलं, एक वर्ष नंबर लागला नाही म्हणून, आणि मग कुठे ती छापलेली दोन वर्षं सुरू झाली. विचारणारीचा चेहरा उतरतो, म्हणून मी घाईने पुढचं सांगते: त्या साडेचारातलं निदान दीड वर्ष वाचलं असतं, कुणी मला आधी सांगितलं असतं तर. तेच इथे लिहिते आहे.

लग्नानंतर इकडे आलेल्या, हातात पुण्या-मुंबईची किंवा नागपूर-कोल्हापूरची पदवी असलेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर “आता माझं काय?” असं स्वतःला विचारणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण पुरुषांना आणि इथेच बारावी झालेल्या मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हे नेमकं काय असतं

कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारी, दोन वर्षांचं, आपल्या गावातलं कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं, ते यातलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज मानतात. साधारण ६० क्रेडिट (अभ्यास मोजायचं माप, प्रत्येक विषयाला ठरावीक) पूर्ण केले की असोसिएट पदवी मिळते. प्रवेशाला वयाची अट नाही. माझ्या वर्गात १९ वर्षांची मुलगी होती आणि ५२ वर्षांचे गृहस्थही होते.

अलाइड हेल्थ म्हणजे डॉक्टर आणि नर्स सोडून रुग्णाच्या तपासणीत आणि उपचारात हात असणारी मंडळी: एक्स-रे काढणारे, सोनोग्राफी करणारे, श्वसनाचे उपचार देणारे रेस्पिरेटरी थेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, रक्त काढणारे फ्लेबोटॉमिस्ट, डेंटल हायजिनिस्ट, ऑपरेशन थिएटरमधले सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट, फिजिओथेरपीचे असिस्टंट, मेडिकल असिस्टंट. हे सगळं प्रत्येक कॉलेजात नसतं. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात फूटहिल कॉलेजात यातले बरेच अभ्यासक्रम आहेत, ओकलंडच्या मेरिटमध्ये रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रेचं शिक्षण, आहे, सॅन ब्रुनोच्या स्कायलाइनमध्ये रेस्पिरेटरी. न्यू जर्सीत एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात डेंटल हायजीन शिकवतात. ह्यूस्टनमध्ये कम्युनिटी कॉलेजचा आरोग्य विभाग थेट टेक्सस मेडिकल सेंटरच्या आवारात आहे. तेव्हा घरापासून गाडीने तासाभरात जाता येईल अशा सगळ्या कॉलेजांची यादी आधी करा, एकाच कॉलेजावर भिस्त ठेवू नका.

पहिली पायरी: कोर्स नाही, लायसन्स निवडा

माझी चूक इथेच झाली. मी कॉलेजची वेबसाइट उघडली आणि जो वर्ग मोकळा दिसला त्यात नाव घातलं. खरं तर उलटं जायचं असतं. आधी ठरवायचं, कोणत्या कामाच्या टेबलाशी उभं राहायचंय. मग बघायचं, ते काम आपल्या राज्यात करायला कोणतं प्रमाणपत्र आणि कोणतं लायसन्स लागतं. मग, त्या परीक्षेला बसायला कोणता मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो. मग, त्या अभ्यासक्रमाला अर्ज करायला कोणते विषय आधी झालेले हवेत. आणि सर्वांत शेवटी, येत्या सेमिस्टरला कोणता वर्ग घ्यायचा.

एक्स-रेचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय परीक्षा एआरआरटी घेते. २०१५ पासून तिला बसायला किमान असोसिएट पदवी लागते. अभ्यासक्रमाला मान्यता देणारी मुख्य संस्था जेआरसीईआरटी. कॅलिफोर्नियात याच्यावर राज्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि फ्लोरोस्कोपी, म्हणजे पडद्यावर दिसणारा हलता एक्स-रे, करायची तर त्याची परवानगी आणखी वेगळी. रेस्पिरेटरीला मान्यता कोआर्कची, परीक्षा एनबीआरसीची. लॅबला मान्यता नॅकल्सची, परीक्षा एएससीपीची. डेंटल हायजीनला मान्यता कोडाची. फिजिओथेरपी असिस्टंटला कॅप्टीची. ही नावं पाठ करायची गरज नाही, पण ज्या कॉलेजचा विचार करताय त्याचं नाव त्या-त्या संस्थेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कॉलेजला मान्यता असणं आणि त्यातल्या या अभ्यासक्रमाला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर बहुतेकदा परीक्षेलाच बसता येत नाही, मग हातातली पदवी भिंतीवर लावायला उरते.

जेआरसीईआरटीच्या वेबसाइटवर प्रत्येक अभ्यासक्रमाचे तीन आकडे जाहीर असतात: किती जण पूर्ण करतात, किती जण पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होतात, किती जणांना नोकरी लागते. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, हे तीन आकडे बघा.

आणि एक कळकळीने सांगते. “नऊ महिन्यांत करिअर” म्हणत फोनवर फोन करणाऱ्या खाजगी संस्थांना लगेच होकार देऊ नका. कोरिंथियन कॉलेजेस ही अशीच मोठी खाजगी साखळी २०१५ मध्ये बंद पडली. हजारो विद्यार्थी डोक्यावर कर्ज घेऊन अर्ध्या वाटेत उभे राहिले. तोच मेडिकल असिस्टंटचा कोर्स शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात कितीतरी कमी पैशात मिळतो.

पगाराचा अंदाज हवाच, म्हणून सांगते. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांत वर्षाचा मध्यम पगार फ्लेबोटॉमिस्टचा ४१,८१० डॉलर, रेस्पिरेटरी थेरपिस्टचा ७७,९६० आणि डेंटल हायजिनिस्टचा ८७,५३० होता. फ्लेबोटॉमी काही महिन्यांत होते, बाकीच्यांना वर्षं लागतात. यात चूक-बरोबर काही नाही. घरची गरज आजची असेल तर फ्लेबोटॉमी करून कामाला लागा आणि बाकीचे विषय संध्याकाळी घ्या. माझ्या ओळखीच्या दोघींनी असंच केलं, आणि हॉस्पिटलच्या आतली माणसं ओळखीची झाल्याचा त्यांना पुढे खूप उपयोग झाला. रक्त काढायला कॅलिफोर्निया, नेवाडा, लुइझियाना आणि वॉशिंग्टन या चारच राज्यांत लायसन्स लागतं. कॅलिफोर्नियात त्यासाठी शिकतानाच निदान ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढलेलं असावं लागतं.

आपली भारतातली पदवी

बीपीटी, बीडीएस किंवा डीएमएलटी असाल तर थांबा. सरळ कम्युनिटी कॉलेजात नाव घालू नका. बीपीटी झालेल्यांनी आधी एफसीसीपीटीकडून, म्हणजे परदेशी फिजिओथेरपीच्या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून, पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं. पूर्ण फिजिओथेरपिस्टची वाट मोकळी असताना असिस्टंटचा कोर्स करणं म्हणजे स्वतःलाच खाली उतरवणं. लॅबवाल्यांनी परदेशात शिकलेल्यांसाठी एएससीपीचे जे मार्ग आहेत ते आधी वाचावेत. दंतवैद्यांना इथे पुन्हा डेंटल स्कूलची दोन-तीन वर्षं आणि मोठा खर्च करावा लागतो, म्हणून काही जणी डेंटल हायजीनकडे वळतात. तो विचार शांतपणे, आकडे मांडून करा. बीएचएमएस आणि बीएएमएसच्या जोरावर इथे डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. हे ऐकायला जड जातं, मला माहीत आहे. पण त्या अभ्यासातली शरीररचना तुमच्या डोक्यातून कुणी काढून घेत नाही. अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात पहिल्या महिन्यातच ते लक्षात येईल.

साध्या बीएस्सी-बीकॉमवाल्यांनी मार्कशीटचं मूल्यमापन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून करून घ्यावं. डब्ल्यूईएस त्यातलीच एक. याने इंग्रजी, गणित, मानसशास्त्र असे सामान्य विषय सुटू शकतात. विज्ञानाचे विषय मात्र बऱ्याच ठिकाणी पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत.

इथे आपलं घोडं एका ठिकाणी हमखास अडतं, ते म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गायब. या तिन्ही बाई एकच आहेत हे संगणकाला कळत नाही. लग्नाचा दाखला, गॅझेट असेल तर ते, आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे भारतात गेलात की एका फेरीत करून आणा. कॉलेजात, परीक्षेच्या अर्जात आणि ओळखपत्रावर नाव अक्षर न अक्षर एकच ठेवा. परीक्षा केंद्रावर नाव जुळलं नाही तर परत पाठवतात.

व्हिसा आणि पैसा

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, पूर्णवेळ शिकता येतं. काम मात्र करता येत नाही, जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर होऊन वर्क परमिट मिळेपर्यंत. (ही सोय मे २०१५ पासून आहे.) एल-२ वरच्या (कंपनीने बदली करून इकडे पाठवलेल्यांच्या) जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परमिटशिवाय काम करता येतं. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम करून शिकणं, हा अभ्यासक्रमाचा बिनपगारी भाग असतो, तरी अर्ज करण्याआधी कॉलेजला दोन प्रश्न लेखी विचारा: माझ्या व्हिसावर क्लिनिकलला अडचण आहे का? आणि पार्श्वभूमी तपासणीला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का? एच-४ वर वर्क परमिटशिवाय तो नंबर मिळत नाही. हे दुसऱ्या वर्षात कळणं फार वाईट.

फी राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात रहिवाशांना एका युनिटला (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटचे २,७६०. रहिवासी नसाल तर एका युनिटला याच्या कितीतरी पट. रहिवासी ठरायला वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं, आणि कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांनाही रहिवासी ठरता येतं. त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स, कर विवरणपत्र, भाडेकरार आपल्या नावाने असलेला बरा. आपल्याकडे सगळं नवऱ्याच्या नावाने असतं, तिथे गाडी अडते. आज निदान बँकेचं खातं आणि एक बिल स्वतःच्या नावाने करून घ्या.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा अर्ज, भरा, भराच. २०२४-२५ साठी त्यातून मिळणाऱ्या पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती आणि ती परत करावी लागत नाही. एच-४ वाल्यांना केंद्राची मदत मिळत नाही, पण कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या असतात. अर्ज येत नाहीत म्हणून त्यातले पैसे पडून राहतात, असं आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी एका पानाचा निबंध लिहून दिला आणि पुस्तकांचा खर्च निघाला.

आधीचे विषय: खरी शर्यत इथे आहे

कम्युनिटी कॉलेजात प्रवेश सगळ्यांना मिळतो. अलाइड हेल्थच्या अभ्यासक्रमात मिळत नाही. वीस-तीस जागा आणि अर्ज शेकड्यांनी, हे नेहमीचं आहे. काही कॉलेजं गुण मोजतात, काही किमान गुण असणाऱ्यांची चिठ्ठी काढतात, काही प्रतीक्षायादी चालवतात. आपल्याकडे काय चालतं ते आधी विचारा, कारण त्यावर तुमची तयारी ठरते. गुण मोजत असतील तर एका ‘बी’ने वर्ष जातं. चिठ्ठी असेल तर तीन कॉलेजांत अर्ज करणं जास्त शहाणपणाचं.

विषय साधारण असे: अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी लॅबसकट, मेडिकल टर्मिनॉलॉजी, इंग्रजी लेखन, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, मानसशास्त्र. काहींना मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री किंवा फिजिक्स लागतं. ‘लॅबसकट’ हा शब्द नीट वाचा. मी घरी लहान मूल म्हणून लॅब नसलेली ऑनलाइन अ‍ॅनाटॉमी घेतली, ‘ए’ मिळवला, आणि अर्जाच्या खिडकीवर कळलं की ती चालत नाही. सगळं सेमिस्टर पाण्यात.

काही ठिकाणी टीज नावाची प्रवेशपरीक्षाही असते: वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी, २०९ मिनिटांत १७० प्रश्न. गणित आपल्याला सोपं जातं. वेळ जातो तो वाचनात, तेव्हा सराव त्याचा करा.

आता अ‍ॅनाटॉमीबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुळावर येते किंवा घसरते. लॅबची परीक्षा अशी असते: टेबलांवर हाडं, मॉडेल आणि स्लाइड मांडलेल्या असतात, प्रत्येकावर छोटा क्रमांक चिकटवलेला. एका टेबलापाशी एक मिनिट. घंटा वाजली की पुढे सरकायचं, मागे वळायची सोय नाही. उत्तर लिहून द्यायचं आणि स्पेलिंग चुकलं तर गुण जातात. पहिल्या परीक्षेत माझ्यासमोर कमरेचं रुंद हाड होतं. नाव मला येत होतं, इलियम. पण इलियम दोन आहेत, एक हे हाड आणि दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. उच्चार सारखा, मराठीत लिहिलं तर अक्षरंही तीच. फरक फक्त इंग्रजी स्पेलिंगच्या तिसऱ्या अक्षरात: हाडाला ‘आय’, आतड्याला ‘ई’. मी हाडाला आतडं लिहून आले. त्या दिवसापासून मी वहीचं पान मधोमध दुमडायला लागले. डावीकडे इंग्रजी स्पेलिंग, उजवीकडे मराठीत एका ओळीत अर्थ, आणि पान दुमडून स्पेलिंग पुन्हा लिहायचं. पोळ्या करताना मोठ्याने म्हणायचं, पण परीक्षेआधी हाताने लिहायचंच. कानाने पाठ केलेलं इथे पुरत नाही.

लॅब तासांव्यतिरिक्तही उघडी असते, हाडांची पेटी मागून घेता येते. ट्युटरिंग सेंटर फुकट असतं. प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत जाऊन बसा. आपल्याला सवय अशी की सरांकडे गेलं म्हणजे आपल्याला येत नाही हे उघडं पडलं. इथे उलट आहे. जो जातो तो मन लावून शिकतोय असं समजतात, आणि पुढे शिफारसपत्र लागतं तेव्हा त्यांना तुमचा चेहरा आठवतो.

वर्ग झेपत नसेल तर ‘डब्ल्यू’ घेऊन बाहेर पडायची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘डब्ल्यू’ एकदा चालतो, ‘एफ’ मात्र सरासरीत कायमचा बसतो. आणि पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमीबरोबर दुसरा जड विषय घेऊ नका. घर, मुलं, डबे हे सगळं आपल्या वेळापत्रकात आधीच बसलेलं असतं.

आरोग्याची फाइल सहा महिने आधी

नंबर लागल्यावर कॉलेज एक यादी देतं आणि मुदत चार-सहा आठवड्यांची असते. ती वेळ आपल्याला पुरत नाही, कारण आपल्या लशींचे कागद गावच्या दवाखान्यात कुठेतरी गेलेले असतात. कागद नसेल तर रक्ताची टायटर चाचणी करतात, म्हणजे शरीरात त्या आजाराविरुद्ध संरक्षण आहे का ते बघतात: गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिसची नेहमीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यावी लागते, म्हणून ती आधीच सुरू करा. शिवाय टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) आणि दर वर्षी फ्लूची.

टीबीच्या चाचणीचं मात्र नक्की लक्षात ठेवा. आपल्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा व्रण असतो. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, धावपळ आणि विनाकारण धास्ती. पहिल्यांदाच डॉक्टरांना दंड दाखवा आणि रक्ताची क्वांटिफेरॉन चाचणी मागा. बीसीजीमुळे तिचा निकाल बिघडत नाही.

सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचं) कार्ड अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘बीएलएस प्रोव्हायडर’चं लागतं. निव्वळ ऑनलाइन केलेलं चालत नाही, हाताने करून दाखवावं लागतं. ते दोन वर्षं टिकतं. ड्रग टेस्ट आणि पार्श्वभूमी तपासणी सगळ्यांचीच होते, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

क्लिनिकल

अभ्यासक्रम सुरू झाला की आठवड्यातले दोन-तीन दिवस हॉस्पिटलात जातात, बहुतेकदा सकाळी सातपासून. हॉस्पिटल तुम्ही निवडत नाही, तेव्हा गाडी चालवता आलीच पाहिजे. घरी आधी बोलून ठेवा: सकाळी मुलांना कोण सोडणार, ताप आला तर कोण थांबणार. हजेरीचे नियम कडक असतात. माझ्या सासूबाई पहिल्या सेमिस्टरला सहा महिने येऊन राहिल्या, नाही तर मला जमलं नसतं. ज्यांना ती सोय नाही त्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थिनीशी मुलं सांभाळण्याची अदलाबदल ठरवावी.

पहिला धडा यंत्राचा नाही, ओळख पटवण्याचा असतो. रुग्णाला “तुम्ही अमुक ना?” असं विचारायचं नाही. नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून घ्यायची आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडायची. इथे महिना आधी आणि दिवस नंतर. आपल्या डोक्यात ०४/०५ म्हणजे चार मे, इथे तो पाच एप्रिल. पहिले काही आठवडे मी प्रत्येक तारीख मनात शब्दांत म्हणायचे.

छातीचा साधा एक्स-रे बघा. रुग्ण पाठ आपल्याकडे करून फळीला छाती टेकतो. किरण सोडणारी ट्यूब ७२ इंच दूर असते. खांदे पुढे ढकलायला लावायचे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात. बाजू दाखवणारा आपला शिशाचा मार्कर लावायचा. मग काचेमागून सांगायचं: श्वास घ्या, सोडा, आता पूर्ण घ्या, धरून ठेवा. दुसऱ्या श्वासाला फुप्फुस नीट भरतं. चित्रात मागच्या दहा बरगड्या मोजता आल्या म्हणजे श्वास पुरेसा घेतला होता. चित्र बिघडलं तर विद्यार्थ्याने ते एकट्याने पुन्हा काढायचं नसतं, तिथे टेक्नॉलॉजिस्ट हजर लागतो. रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा किरण मिळू नयेत यासाठी हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

एकदा मुलाकडे आलेल्या एक मराठी आजी आल्या होत्या. मला वाटलं, आता मीच सगळं बोलते. माझ्याबरोबरच्या टेक्नॉलॉजिस्टने मला हळूच थांबवलं आणि फोनवर मराठी दुभाषी जोडून घेतला. आजार आणि गरोदरपण यांचे प्रश्न प्रशिक्षित दुभाष्यानेच विचारायचे असा तिथला नियम होता. विद्यार्थिनीने घाईत काही चुकीचं सांगितलं तर भोगणार त्या आजीच. फोन ठेवल्यावर मला खूण केली, “श्वासाचं तू सांग.” मी म्हटलं, “आजी, दीर्घ श्वास घ्या… धरून ठेवा.” त्यांनी श्वास असा धरला की चित्र पहिल्याच वेळी आलं.

किरणांची भीती घरचे घालतात, विशेषतः नवीन लग्न झालेल्यांना. कॉलरपाशी बॅज असतो, तुम्हाला किती किरण मिळाले ते त्यावर मोजतात. गरोदरपण जाहीर करायचं की नाही हा कायद्याने तुमचा निर्णय. लेखी जाहीर केलंत तर गर्भासाठी पूर्ण नऊ महिन्यांची मर्यादा ५ मिलीसिव्हर्ट असते आणि त्याप्रमाणे काम लावून देतात. शिशाचा एप्रन, अंतर आणि कमी वेळ या तीन गोष्टी पाळल्या तर भीतीपोटी हे शिक्षण सोडायचं कारण नाही.

आणि एक निक्षून सांगते: रुग्णाबद्दल एक अक्षरही व्हॉट्सअ‍ॅपवर नको. नाव न घेता, फोटो न टाकता, घरच्या ग्रुपवरसुद्धा नको. “आज मंडळातले एक काका आले होते” एवढंही बोलायचं नाही. गुप्ततेचा हिपा कायदा १९९६ चा आहे आणि तो मोडला तर कॉलेज बाहेर काढतं. आपल्या लोकांत बातमी किती वेगाने फिरते हे आपल्याला ठाऊक आहेच.

परीक्षा आणि पहिली नोकरी

एआरआरटीला ७५ गुण लागतात, पण ते टक्के नव्हेत, वेगळ्या पट्टीवर मोजलेले गुण असतात. तीन वर्षांत तीन प्रयत्न मिळतात. अभ्यासक्रम संपल्यापासून जितकी लवकर द्याल तितकं बरं. मी सहा आठवड्यांनी दिली. तात्पुरता निकाल तिथेच पडद्यावर दिसतो. राज्याच्या सर्टिफिकेटचा अर्ज आधीच भरून तयार ठेवा, कारण ते हातात येईपर्यंत कामावर उभं राहता येत नाही. पुढे दर दोन वर्षांनी २४ क्रेडिटचं शिक्षण चालू ठेवावं लागतं.

पहिली नोकरी बहुतेकांना ‘पर डिएम’ मिळते, म्हणजे बोलावतील तेव्हा जायचं: रात्री, शनिवार-रविवारी, दिवाळीतही. ती घ्या. जिथे क्लिनिकल केलंय तिथेच आधी विचारा, त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं. सीटी किंवा एमआरआय शिकायचं असेल तर पहिल्या वर्षातच तिथल्या लीड टेक्नॉलॉजिस्टला सांगून ठेवा, म्हणजे जागा निघाली की तुमचं नाव त्यांच्या डोक्यात असेल.

यंदाच्या हिवाळी किंवा वसंत सेमिस्टरचा विचार असेल तर या आठवड्यात करायचं ते एवढंच: तासाभराच्या अंतरातल्या कॉलेजांची यादी, त्यातल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहिती-सत्राची तारीख, आणि डॉक्टरांकडे टायटर चाचणीची वेळ. माहिती-सत्र फुकट असतं. वही घेऊन जा आणि पहिला प्रश्न हा विचारा: “प्रवेश गुणांवर देता की चिठ्ठीने?”